गाठीवर बोट

सोमवार, ६

हिचं म्हणणं, मी दिवसभर जेवढं बोलतो त्यातलं निम्मं लिहून काढावं, म्हणजे उरलेलं निम्मं ऐकायला तिच्यात जीव राहील. म्हणून ही वही.

आजपासून मी रीतसर हिच्या दुकानात कामाला लागलो. दुकान हिचं आणि हिच्या धाकट्या बहिणीचं, म्हणजे माझ्या मेव्हणीचं. वेताच्या टोपलीत उंची खाण्याच्या वस्तू मांडायच्या, वरून पारदर्शक कागद चढवायचा, रिबिनीचं फूल बांधायचं आणि ज्याला भेट द्यायची त्याच्या दारी पोचवायची. मी जन्मभर कारखान्याच्या पॅकिंग खात्यात होतो. यंत्रांचे सुटे भाग लाकडी खोक्यांत भरायचे, ते जहाजाने जगभर जायचे. आमच्या खात्याचा धर्म एकच होता: खोकं हलवलं तर आतून आवाज येता कामा नये. कारखाना बंद झाल्यापासून घरी बसून बसून मी पार गंजलो होतो. शेवटी मीच म्हणालो, टोपली काय आणि खोकं काय, पॅकिंग ते पॅकिंग. हिने मेव्हणीकडे पाहिलं, मेव्हणीने छताकडे पाहिलं, आणि माझी नेमणूक झाली.

आज पहिली टोपली भरली. तळाशी पुठ्ठा, त्यावर कागदाच्या कातरणाचं गवत ठासून, मग जॅमच्या आणि मधाच्या बाटल्या, त्यांच्यामध्ये चीज, क्रॅकरचा डबा आडवा आणि उरल्यासुरल्या फटीत अक्रोड. सगळ्याला सुतळीचे वेढे आणि शेवटी निरगाठ. हलवून पाहिली. आवाज नाही. मेव्हणीने उचलायला हात घातला आणि काढून घेतला.

"भाऊजी, ही कुणाला भेट द्यायचीय की पुलाच्या पायात घालायचीय?"

तिचं शास्त्र वेगळं आहे. तिच्या मते टोपली सांडू-सांडू वाटली पाहिजे. उंच वस्तू मागे, बुटक्या पुढे, मध्येच थोडी मोकळी जागा, द्राक्षांचा घोस काठावरून खाली आलेला. सांडू-सांडू! आमच्या खात्यात हा शब्द कुणी काढला असता तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

ही मात्र म्हणाली, "छान घट्ट झालीय. राहू द्या तिथे, मी कागद चढवते." पारख एकेकाला असते.

गुरुवार, ९

एका बाईंचा फोन आला. मंगळवारी त्यांच्या घरी गेलेली टोपली माझ्या हातची होती, म्हणून मी कान टवकारून ऐकलं. म्हणाल्या, "किती मोकळी, हलकीफुलकी मांडणी हो! आणि ते पेअर कसे पायरीपायरीने ठेवलेत. काढावेसेच वाटेनात."

मी त्या टोपलीत पेअर घातले नव्हते. पेअर माझ्या तत्त्वातच बसत नाहीत. गोल, गुळगुळीत, आणि जरा दाब पडला की काळे. मी बाईंना म्हटलं, तुम्ही दुसऱ्या कुणाची टोपली बघताय. "नाही हो, माझ्यासमोरच आहे, जांभळ्या रिबिनीची." मी तर सुतळीने बांधली होती.

हिला विचारलं, तर हिला नेमकं तेव्हाच फ्रीजमध्ये काहीतरी बघायचं होतं. मेव्हणी म्हणाली, "लोकांना काय भाऊजी, कौतुकाच्या भरात काहीही दिसतं."

असेलही. पण पायरीपायरीने?

सोमवार, १३

या दोघी बाकी सगळ्यात हुशार, पण साठ्याच्या बाबतीत आनंद आहे. रोज दुपारी माझी टोपली भरून झाली रे झाली की दुकानातलं काहीतरी संपतं. परवा कागदाचं गवत संपलं. मी उन्हातून पोतं घेऊन आलो तर माळ्यावर दोन पोती तशीच. काल टाचण्या आणायला पाठवलं. टाचण्या आपण लावतो कशाला, असं विचारलं तर मेव्हणी म्हणाली, "असाव्यात घरात." हे घर नाही, दुकान आहे.

आज सोनेरी रिबीन. "एवढ्याच रुंदीची बघा हं," असं म्हणत हिने अंगठा आणि बोट धरून माप दाखवलं. अंगठ्याला पट्टी होती.

"काय झालं?"

"डबा उघडताना लागलं थोडं."

संध्याकाळी मी फडताळाच्या प्रत्येक खणावर आत काय आहे त्याची चिठ्ठी लावून टाकली. आता काही संपण्याआधीच कळेल. सोनेरी रिबिनीने तर अख्खा खण भरला आहे, हेही तेव्हाच लक्षात आलं.

बुधवार, १५

एक चमत्कार नोंदवून ठेवतो. सुतळीचा गुंडा संपत नाही. रोज माझ्या टोपल्यांना सढळ हाताने वेढे घालतो, आणि सकाळी बघावं तर गुंडा पुन्हा तेवढाच गरगरीत. द्रौपदीची थाळी म्हणतात ती हीच असावी. मेव्हणीला म्हटलं, "बघा, कारखान्यातली शिस्त! बांधायचं घट्ट, पण सुतळी वाया घालवायची नाही." तिला एकदम खोकल्याची उबळ आली आणि ती मागच्या खोलीत गेली. तिथून बराच वेळ खोकली.

हिच्या दुसऱ्या अंगठ्याचंही नख तुटलंय. डबे उघडायची चांगली किल्ली आणून देतो म्हटलं, तर नको म्हणाली. मी भरतो त्या टोपल्यांत डबे बंदच जातात. मग ही उघडते कुठले? कुठेतरी पाणी मुरतंय, पण कुठे ते सापडत नाही.

शनिवार, १८

आमच्या जुन्या साहेबांचा फोन आला. त्यांना दुसऱ्या गावी एका गोदामाचा कारभार मिळालाय. पॅकिंग बघायला माणूस हवाय. राहायला खोली देतील, महिन्यातून एकदा घरी येता येईल. "तुझ्यासारखी गाठ मारणारा आता मिळत नाही," म्हणाले. आठवड्यात कळव म्हणाले.

ऐकून छाती फुगली आणि मग हिशेब मांडायला बसलो. या वयात बायकोला सोडून परक्या खोलीत एकट्याने चहा करून प्यायचा? पण इथे माझी गरज आहे का, तेच कळत नाही. असेल तर मी हलणार नाही. नसेल तर हिच्या टेबलाची जागा अडवून बसण्यात काय अर्थ? हिला सांगितलं.

ती म्हणाली, "तुम्हाला वाटेल तसं करा."

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? तुमचं मन लागतंय ना दुकानात?"

"माझं लागतंय. दुकानाचं माझ्यात लागतंय का?"

त्यावर तिने भाजी खाली लागल्याचं निमित्त केलं. भाजी लागली नव्हती. इतक्या वर्षांच्या संसारात ही बाई मला मीठ जास्त झाल्याचं, शर्ट विटल्याचं, घोरण्याचं सगळं तोंडावर सांगत आलीय. आताच ताकास तूर का लागू देत नाही?

सोमवार, २०

मोठं काम आलं. एक दातांच्या डॉक्टरीणबाई नवा दवाखाना उघडताहेत. त्यांना ज्यांनी शिकवलं त्या सरांना शनिवारी टोपली पाठवायची आहे, दुकानातली सगळ्यात मोठी. आवडली तर पुढे त्यांच्या दवाखान्याची कायमची ऑर्डर मिळेल.

मी सुचवलं, सालासकट अक्रोड आणि चिकट टॉफी घालू. दातांच्या डॉक्टरांचे गुरू आहेत, त्यांना विषयाला धरून वाटेल. मेव्हणी म्हणाली, "हो, आणि सोबत एक कवळी." शेवटी मऊ जर्दाळू, ऑलिव्ह, चीज, अंजिराचा जॅम, चहाचा डबा आणि पेअर ठरले. चहा सुगंधी साबणाशेजारी ठेवायचा नाही, वास ओढून घेतो, हे मला इथे येऊन कळलं. सुट्या भागांना वास नसतो.

"टोपली कोण भरणार?" मी विचारलं.

दोघी एकदमच बोलल्या. मेव्हणी म्हणाली "मी" आणि ही म्हणाली "हे".

बुधवार, २२

आज सोनेरी रिबिनीचं दुकान बंद निघालं, म्हणून अर्ध्या वाटेतून परत आलो. आमच्या दुकानाची काच दर्शनी आहे. बाहेरूनच दिसलं.

माझी आजची टोपली टेबलावर होती आणि ही तिच्यावर ओणवी होऊन माझी निरगाठ दाताने सोडवत होती. मग अंगठ्याने. मग अंगठा तोंडात धरून पुन्हा दाताने. गाठ सुटली तशी तिने सुतळी हळूहळू गुंड्यावर गुंडाळली, अगदी मी गुंडाळतो तशी. मेव्हणीने सगळ्या वस्तू बाहेर काढून ओळीने मांडल्या, गवत उपसून पिंजलं आणि पेअर पायरीपायरीने लावायला घेतले.

मी वळलो आणि बसथांब्यावर जाऊन बसलो. एक बस माझ्यासाठी थांबली. मी चढलो नाही, म्हणून ड्रायव्हरने मला शेलक्या शब्दांत आशीर्वाद दिले. दुसऱ्या बसचंही तेच झालं. मग रोजच्या वेळेला दुकानात गेलो.

"रिबीन मिळाली नाही," म्हटलं.

"असू द्या," ही म्हणाली. "उन्हातून आलात, पाणी प्या."

टेबलावर टोपली तयार होती. पारदर्शक कागद, जांभळं फूल. सुंदर दिसत होती, खोटं कशाला बोलू? मला फार लाज वाटली. राग आला असता तर बरं झालं असतं, पण राग आणायला कारणच सापडेना.

गुरुवार, २३

डोक्याचा भुगा झालाय. म्हणजे आजवर माझी एकही टोपली या दुकानातून बाहेर पडलेली नाही? मग मला ठेवलंय कशाला? दया म्हणून? दया असेल तर मेव्हणी रोज टोमणे का मारते? आणि एवढ्या टोमण्यांत ही खरी गोष्ट एकदाही का येत नाही?

सुतळीच्या गुंड्याकडे बघवत नाही.

शुक्रवार, २४

ठरवलं. साहेबांकडे जायचं. तिथे निदान माझी गाठ गाठ म्हणून राहील. दुकानातच त्यांचा फोन आला, तेव्हा फडताळामागे जाऊन हळू आवाजात म्हणालो, "उद्या नक्की सांगतो, साहेब. बहुतेक हो." ही म्हणते, माझा हळू आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जातो. पण ही तेव्हा पेअर पुसत होती, तिने मान वर केली नाही.

हिला खरं कारण सांगणार नाही. सांगितलं तर मी पाहिलं हे कळेल, आणि मग तिला उगीच वाईट वाटत राहील. पण जाईपर्यंत टोपल्या तर भराव्याच लागतील. हिच्या अंगठ्याची पट्टी रोज मोठी होत चाललीय. तेव्हा उद्यापासून निरगाठ बंद, सुरगाठ मारायची. एक टोक ओढलं की सगळे वेढे आपोआप सुटतील. उद्याची तर सगळ्यात मोठी टोपली आहे. टोक टोपलीबाहेर लोंबेल एवढं लांब ठेवीन, म्हणजे तिला शोधावंही लागणार नाही.

सुरगाठ मी उभ्या आयुष्यात कामावर मारलेली नाही. आज घरी खुर्चीच्या पायाला बांधून सराव केला. ही म्हणाली, "खुर्ची कुठे पळून चाललीय का?"

शनिवार, २५

आजचं सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर मलाच पुढे पटायचं नाही.

सकाळी मोठी टोपली भरली. माझ्या पद्धतीने ठासून, वेढे घालून, शेवटी सुरगाठ. टोक लांब सोडलं. ही शेजारी उभी राहून बघत होती. मग म्हणाली, "अहो, जरा टाचण्या आणता?" टाचण्यांच्या खणावर माझ्या हातची चिठ्ठी आहे, खण काठोकाठ भरलाय. मी बरं म्हटलं आणि बाहेर पडलो.

कोपऱ्यापर्यंत गेलो आणि तिथेच घुटमळलो. हिला किती सोपं जाईल, गाठ एका ओढीत सुटल्यावर तिचा चेहरा कसा होईल, एवढंच बघायचं होतं. पण काचेजवळ येईपर्यंत आमचा गाडीवाला टोपली उचलून बाहेर निघालाच होता. त्याला आम्ही तुफान म्हणतो, कारण त्याच्या गाडीला सायकलीही मागे टाकतात. टोपलीवर कागद चढलेला, फूल बांधलेलं, आणि आत बघतो तर माझी सुतळी! माझे वेढे! ठासून भरलेली माझीच टोपली, जशीच्या तशी.

मला काहीच कळेना. तेवढ्यात तुफानला कागदाखालून लोंबणारं सुतळीचं टोक दिसलं. तो कामात हळू असला तरी नीटनेटका आहे.

"धागा राहिलाय, ताई," म्हणाला आणि ओढला.

सगळे वेढे एका दमात सुटले. इतक्या दाबाने भरलेलं गवत उसळून वर आलं, कागद टर्रकन फाटला, तुफानने टोपली वाचवायला ती पोटाशी धरली आणि तीच तिरकी झाली. जर्दाळू पायरीवर, पेअर रस्त्यात. ऑलिव्हची बाटली फुटली. चहाचा डबा घरंगळत गटाराच्या जाळीपर्यंत गेला आणि शहाण्यासारखा थांबला. मेव्हणीला हवी होती तशी टोपली सांडली, फक्त नको तितकी.

ही दारात आली. खाली पसरलेल्या सुतळीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आजच सैल बांधलीत?"

"आजच सोडवली नाहीस?"

बोलून गेलो आणि जीभ चावली. तुफान एका हातात पेअर धरून आमच्याकडे आळीपाळीने बघत होता.

"तुम्हाला माहीत होतं," ही म्हणाली.

"बुधवारपासून. रिबिनीचं दुकान बंद होतं."

"म्हणून चाललात होय? मला वाटलं, आमच्या दुकानात तुमचा जीव रमला नाही." तिचे डोळे भरून आले. "काल फोनवर ऐकलं मी. म्हटलं, जाण्याआधी एक तरी टोपली यांच्या हातची जाऊ दे. मोठीच जाऊ दे. गेली ऑर्डर तर गेली."

"अगं, पण पहिल्याच दिवशी सांगायचं होतंस की मला जमत नाही म्हणून!"

"काय सांगणार होते? कारखाना बंद झाल्यापासून तुम्ही सकाळी उठायचंच सोडलं होतं. इथे यायला लागल्यावर पहिल्यांदा शीळ घालत दाढी केलीत. ती शीळ बंद पाडायची होती का मी?"

मी शीळ घालतो हे मला माहीतच नव्हतं.

"निदान सुतळी कापायची. नखं कशाला मोडून घेतलीस?"

"कापली असती तर गुंडा कमी झाला नसता का? तुम्ही रोज सकाळी आधी त्यालाच बघता."

मेव्हणी पायरीवर बसून जर्दाळू वेचत होती. "तुमचं झालं असेल तर," ती म्हणाली, "एक तासात टोपली पोचवायचीय. आणि रडायचं असेल तर दोघांनी आत जा, इथे काचा आहेत."

आत गेलो. मला वाटलं, आता मी कोपऱ्यात उभं राहून बघायचं. तर हीच म्हणाली, "तळ तुम्ही भरा. तुफानच्या गाडीत टोपली तिथवर टिकली पाहिजे." मी तळ भरला. बाटल्या, डबे, नवीन ऑलिव्ह, सगळं एकमेकांत असं अडकवलं की हलवून बघायची गरजच नव्हती. तरी हलवून बघितलं. वर मेव्हणीने दुसरे पेअर लावले, द्राक्षांचा घोस काठावरून खाली सोडला. मला एक जर्दाळू लावायला दिला आणि मी लावल्यावर तो जरासा तिरका केला. माझ्यादेखत केला. मला बरं वाटलं.

मग कागद चढला. फूल बांधायला हिने रिबीन घेतली, एक गाठ मारली, पण पट्टी बांधलेल्या अंगठ्याने ती दाबून धरता येईना. गाठ सैल पडायची.

"अहो, गाठीवर बोट ठेवा."

"माझं?"

"मग काय तुफानचं?"

मी बोट ठेवलं. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजायला लागला. मेव्हणीने वाकून बघितलं आणि म्हणाली, "साहेब." मी हिच्याकडे बघितलं.

"बोट काढू नका," ती म्हणाली. मान खालीच होती.

मी काढलं नाही. फोन वाजून वाजून थांबला. ही रिबिनीचा एक फास करायची, सरळ करायची, मोडायची, पुन्हा करायची. बाहेर तुफानने हॉर्न वाजवला. तुफानने, घाई म्हणून! तरी हिचं आपलं चाललंच होतं. एरवी बोलता बोलता फूल बांधून मोकळी होते. आजच एवढा वेळ का लावला, काही कळलं नाही.